आधी बाजार, मग मेनू: नाशिकमध्ये सीझनप्रमाणे रोजचं जेवण कसं करायचं

घरी बसून मेनू ठरवायचा आणि मग पिशवी घेऊन त्याच भाज्या शोधत फिरायचं, हे उलटं काम आहे. नाशिकमध्ये तर फारच उलटं. आजूबाजूला दिंडोरी, निफाड, सिन्नर, इगतपुरी, त्र्यंबक, पेठ असे तालुके, मुंबईची परसबाग म्हणतात आपल्याला, रोज रात्री भाजीच्या गाड्या भरून मुंबईला जातात, आणि आपण मात्र भर जुलैत मटार शोधतोय कारण काल मोबाईलवर कुठलीतरी रेसिपी बघितली. तो मटार मिळतो सुद्धा, पण महाग, पिठूळ, आणि त्याला चव आणायला मग क्रीम घाला, काजू घाला. त्यापेक्षा बाजारात जायचं, ढिगाने काय आलंय ते बघायचं, दोन-तीन भाज्या उचलायच्या आणि परत येताना रस्त्यात ठरवायचं काय करायचं ते.

यासाठी शंभर रेसिप्या पाठ असायची गरज नाहीये. चार-पाच रीती हातात बसल्या की झालं. कोवळी पालेभाजी असेल तर लसूण-मिरचीवर परतायची. पाणी सुटणारी असेल (गिलकी म्हणजे घोसाळी, दुधी, पालक) तर डाळ घालायची किंवा बेसन पेरायचं. दाणे-शेंगा असतील तर कूट आणि काळा मसाला घालून रस्सा. मोठं, गरदार काही असेल तर भाजून भरीत. आणि जे फार झालंय, स्वस्त झालंय, त्याचा ठेचा नाहीतर चटणी. बास. वर्षभर नाशिकच्या बाजारात जे येतं ते यातल्या कशात ना कशात बसतंच.

बाजार कुठला, तर बुधवारी गोदाघाटावरचा आठवडे बाजार सगळ्यात भारी, कारण तिथे खेड्यावरून थेट आलेले लोक असतात, चार जुड्या आणि एक टोपली घेऊन बसलेले. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि दुतोंड्या मारुतीच्या पायाला, कमरेला पाणी लागल्याच्या बातम्या सुरू झाल्या की घाटावर बसायला जागाच राहत नाही, तेव्हा त्या बुधवारी दुसरीकडे बघायचं. रोजच्यासाठी गणेशवाडी आहे, भद्रकाली आहे, सिडकोवाल्यांना पवननगर आहे. पालेभाजी घ्यायची असेल तर सकाळी. रात्री बाजार उठायच्या वेळी टोमॅटो, वांगी, मिरच्यांचे वाटे लावलेले असतात ते स्वस्त पडतात, पण ते त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी शिजवायचं असेल तरच घ्या, फ्रीजमध्ये ठेवायला नको.

निवडायचं कसं हे जास्त महत्त्वाचं. मेथीची जुडी बाहेरून नेहमीच हिरवी दिसते, पाणी मारलेलं असतं. जुडीच्या मधोमध बोटं घालून बघा, आत गरम लागलं तर ती जुडी रात्रभर दाबून भरलेली होती, आतली पानं पिवळी पडायला लागलेली असणार. थंड लागली की घ्या. कोथिंबिरीचं पण तसंच. या जुड्यांचा मार्केट यार्डात लिलाव शेकड्यावर होतो, आज आवक जास्त असेल तर पाच रुपयाला जुडी आणि पाऊस जास्त झाला की त्याच जुडीला चाळीस, त्यामुळे कोथिंबीर महाग असेल त्या आठवड्यात ती सोडून द्या सरळ, कढीपत्ता वापरा, कोणाचं काही अडत नाही. भरताचं वांगं हातात घेऊन दोन-तीन वांग्यांशी वजन ताडून बघा, आकाराच्या मानाने हलकं ते घ्या, जड वांग्यात बिया जास्त. वालपापडी वाकवली की कट्ट मोडली पाहिजे, नुसती लवली तर शिळी. शेवग्याची शेंग मात्र उलट, ती किंचित पिळ घातल्यावर लवली पाहिजे, काठीसारखी ताठ असेल तर आत निबर. भेंडीचं टोक मोडून बघू नका बाई, विकणाऱ्यांना राग येतो आणि बरोबरच आहे त्यांचं, लहान आणि कमी लव असलेली भेंडी नजरेनेच कळते.

आता पावसाळा. मला विचाराल तर नाशिकमध्ये खाण्याचा खरा सीझन हाच, जून संपता संपता सुरू होतो तो श्रावणापर्यंत. पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबककडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात. टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, शेवळं, बांबूचे कोंब म्हणजे वास्ते. यातलं निम्मं शहरातल्या लोकांना ओळखू येत नाही म्हणून ते पुढे जातात आणि तीच ती कोबी घेतात.

फोडशी पासून सुरुवात करा. दिसायला निव्वळ गवत. बाजारातल्या एका मावशींना विचारलं की साफ कशी करायची तर त्यांनी बोलण्याऐवजी जुडीतली एक काडी उचलली, बुडाचा पांढरा भाग नखाने तोडून टाकला, मग पानं दोन बाजूंना फाकवली आणि मधला कडक दांडा ओढून काढला, "हा राह्यला की दातात येतो ताई." एवढंच. ते एवढंच मन लावून करायला लागतं, दोन जुड्यांना वीस मिनिटं सहज जातात, टीव्ही लावून बसा. मग भरपूर पाण्यात तीन वेळा धुवायची कारण पानांच्या बेचक्यात माती असते, आणि धुतल्यावरच बारीक चिरायची, चिरून धुवायची नाही.

मग अर्धा तास भिजवलेली मूठभर मूगडाळ, दोन मोठे कांदे उभे चिरलेले, सात-आठ लसूण पाकळ्या ठेचून, तीन हिरव्या मिरच्या. कढईत तेल जरा सढळ, मोहरी-जिरं, लसूण लाल होऊ द्यायचा, मिरची, कांदा, कांदा मऊ झाला की डाळ घालून दोन मिनिटं झाकण, मग फोडशी. आता झाकण नाही. झाकलं की रंग काळपट होतो. मोठ्या आचेवर सात-आठ मिनिटं हलवत राहा, आणि मीठ अगदी शेवटी, कारण कढईभर दिसणारी भाजी वाटीभर होते आणि आधी मीठ घातलं की हमखास खारट. बरोबर नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी. हळद घालू नका, हळदीने या भाजीचा वासच जातो असं माझं ठाम मत आहे, घरात यावरून वाद होतो तो वेगळा.

टाकळा आणि कुर्डूची पण हीच रीत, फक्त पानं कोवळी पाहिजेत, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचीच, मग ती निबर आणि कडू होत जातात. करटोली महाग मिळतात पण पाव किलोत चौघांचं होतं. कारल्याच्या घरातली असली तरी कडू नसतात, त्यामुळे मीठ लावून पिळायच्या भानगडीत पडू नका, पातळ गोल चकत्या करा, कडक बिया काढून टाका, कांद्यावर तेलात खरपूस होईपर्यंत परता, तिखट-मीठ.

दोन गोष्टी मात्र नीट लक्षात ठेवा. वास्ते कच्चे खाण्याची वस्तूच नाही, त्यात विषारी घटक असतात, बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचे, ते पाणी फेकायचं, परत नव्या पाण्यात उकळायचे, आणि मगच भाजीला घ्यायचे. शेवळं आणि आळू यांनी घसा खाजतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून चिंच किंवा आमसूल घालायचं आणि पूर्ण शिजवायचं, शेवळांबरोबर त्याच बायकांकडे काकडं नावाची आंबट फळं मिळतात ती त्यासाठीच असतात, विसरू नका घ्यायला. आणि ट्रेकला गेलात तिथे दिसलं म्हणून हिरवं काहीही उपटून आणू नका. रानभाजी ओळखणाऱ्या माणसाकडूनच घ्यायची.

ऋषिपंचमीची भाजी आपल्याकडे होते ती तर परसबागेचीच भाजी आहे, बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही असा त्या दिवशीचा नियम, म्हणजे नांगर न लावता दारात, कुंपणाला, मोरीच्या पाण्यावर जे येतं तेवढंच. आळू, माठ, अंबाडी, लाल भोपळा, दोडका, पडवळ, मक्याचं कणीस. उपवास करा नाहीतर नका करू, पण ही भाजी वर्षातून एकदा करायलाच पाहिजे, मसाला शून्य, नुसती हिरवी मिरची, मीठ, आणि अंबाडीचा आंबटपणा. दाणे आणि भोपळा आधी शिजत घालायचा, पाला शेवटी.

यावरूनच बागेचं सांगते. फ्लॅटच्या गॅलरीत सगळी भाजी पिकवून घर चालेल असल्या व्हिडिओंच्या नादी लागू नका, चौघांना पुरेल एवढी भेंडी कुंडीत येत नाही. कुंडीत ते लावा जे थोडंच लागतं पण ताजंच लागतं. कढीपत्ता, गवती चहा, पुदिना, दोन मिरचीची झाडं, आणि एका पसरट टबात वडीचं आळू. पुदिना तर बाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की मुळं फुटतात, त्याच लावायच्या, पण वेगळ्या कुंडीत, नाहीतर दुसऱ्या कोणाला जगू देत नाही. कोथिंबिरीला धणे आख्खे पेरू नका, लाटण्याने हलके रगडून दोन भाग करा, रात्रभर भिजवा, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. मात्र एप्रिल-मे मध्ये हा उद्योग नको, उन्हात उगवत नाही आणि उगवली तर लगेच फुलावर येते. मेथी सगळ्यात सोपी, डब्यातले मेथीदाणे भिजवून पेरा, तीन-चार आठवड्यांत वीतभर होते, कात्रीने कापून घ्या. बंगला असेल, चार फूट मोकळी जागा असेल तर शेवग्याची फांदी खोचा, लागते. फक्त त्याचं लाकूड ठिसूळ असतं, वाऱ्यात फांद्या कडाकड मोडतात, त्यामुळे गाडी पार्क करता त्याच्या वर नको. शेंगा नसतील तेव्हा कोवळा पाला मूगडाळ घालून परता, फुलं मिळाली तर बेसन पेरून. हादगा कोणाच्या दारात असेल तर त्यांच्याशी मैत्री करा, पावसाळा सरता सरता फुलं येतात, आतला केसर काढून टाकायचा, तो कडू असतो, आणि पाकळ्यांची भाजी किंवा भजी.

गणपतीच्या आसपास ते दिवाळीपर्यंत टोमॅटो. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला क्रेटच्या क्रेट येतात, वीस किलोचा एक क्रेट, आणि भाव पडला की शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. त्या आठवड्यात दोन किलो जास्तच आणा. फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने टोमॅटोचा वास मरतो, टोपलीत देठाची बाजू खाली करून ठेवा. पिकलेल्यांचं सार करा, आणि कच्च्या हिरव्या टोमॅटोची चटणी, ती माझी सगळ्यात आवडती: अर्धा किलो हिरवे टोमॅटो फोडी करून तव्यावर तेलात डाग पडेपर्यंत परतायचे, त्याच तव्यावर पाच-सहा मिरच्या, लसूण, जिरं, मग मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि दोन चमचे तीळ, मीठ, सुपारीएवढा गूळ, आणि हे सगळं खलबत्त्यात. मिक्सर वापरायचा तर एकदाच फिरवून बंद, गंध झालं की मजा गेली. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस टिकते.

गिलकी-दोडकी याच दिवसांत. गिलक्याची भजी सगळे करतात, दोडक्याच्या शिरा मात्र फेकतात. त्या शिरा बारीक चिरून मंद आचेवर कुरकुरीत करा, तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ घालून कोरडी चटणी.

थंडी पडली की बाजारात बघायलाच नको, जे हात लावाल ते चांगलं. ओला हरभरा, वाटाणा, वालपापडी, घेवडा, तुरीच्या शेंगा, गाजरं, कांद्याची पात, बोरं, काटेरी वांगी. इगतपुरीकडचा नवा इंद्रायणी तांदूळ पण या दिवसांत येतो, त्याला पाणी कमी लागतं, जुन्याला वाटीला दोन-सव्वादोन घालत असाल तर नव्याला पावणेदोन पुरे, नाहीतर खिमट.

या सगळ्याचं एकच ताट म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशीची भोगी. खेंगट म्हणतात काही घरी. लोक ही भाजी बिघडवतात ती एकाच कारणाने, सगळं एकदम कुकरमध्ये टाकून तीन शिट्ट्या. मग ते एकजीव लापशीसारखं होतं आणि कशाचीच चव कळत नाही. त्याऐवजी जाड बुडाचं पातेलं घ्या. तेलात मोहरी, हिंग, हळद, मग पहिल्यांदा ओले शेंगदाणे, हरभरा आणि तुरीचे दाणे, वाटीभर गरम पाणी, झाकण, सात-आठ मिनिटं. दाणा बोटाने दबायला लागला की गाजराच्या फोडी आणि तोडलेला घेवडा-वालपापडी, आणखी पाच मिनिटं. वांगी त्यानंतर, ती चिरून मिठाच्या पाण्यात ठेवलेली असू द्या म्हणजे काळी पडत नाहीत. वांगं अर्धवट शिजलं की चिंचेचा कोळ, गूळ, काळा मसाला, तिखट, मीठ, आणि तीन-चार चमचे तिळाचं कूट. चिंच आधी घालू नका, आंबटात दाणे शिजत नाहीत, दगड राहतात. बोरं सगळ्यात शेवटी, थोडी चेचून, गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी. रस अंगाबरोबर असावा, फार पातळ नाही. बाजरीच्या भाकरीवर थापतानाच तीळ लावायचे, ओल्या बाजूला, म्हणजे चिकटतात. आणि वर लोणी, इथे डाएटचा विचार करू नका प्लीज.

जानेवारीपासून एप्रिलपर्यंत द्राक्षं. नाशिककर असून सुपरमार्केटमधला प्लास्टिकचा डबा घेताय का, दिंडोरी रोडला नाहीतर निफाडच्या बाजूला रस्त्यावर घ्या. काडी हिरवी असेल तर घड ताजा, तपकिरी आणि वाळकी झाली की जुना. मण्यावर सगळीकडे सारखी पांढरट झाक असते ती द्राक्षाची स्वतःची मेणाची असते, तिला घाबरायचं नाही, थेंबाथेंबाचे डाग असतील तर ते फवारणीचे, पण धुवायची दोन्ही. घडातून गळलेले मणी वेगळे स्वस्त मिळतात, ते रायत्याला: मणी अर्धे कापून, घट्ट दही, मीठ, किंचित साखर आणि अर्धा चमचा फेसलेली मोहरी. जेवायला बसताना कालवा, आधी कालवून ठेवलं की पाणी सुटतं.

उन्हाळ्यात पालेभाजी रोडावते, जी येते ती महाग आणि मरगळलेली, त्यामुळे तिच्या मागे लागू नका. कैरी, काकडी, गवार आणि कांदा यांच्यावर दोन महिने आरामात निघतात. कैरीचा तक्कू करा, कैरी आणि कांदा किसून, गूळ, तिखट, मीठ, वरून हिंगाची फोडणी, भाजी नसली तरी दोन पोळ्या जातात. मेथांबा आठवडाभर टिकतो. गवार जून वाटली तर लाल भोपळ्याच्या चार फोडी घालून शिजवा.

आणि कांदा. आपण लासलगावच्या इतक्या जवळ राहतो आणि तरी पुष्कळ लोकांना कुठला कांदा कधी भरायचा हे माहीत नसतं. दिवाळीच्या आसपास येतो तो लाल कांदा, त्यात पाणी जास्त, टिकत नाही, दोन-चार किलोच आणायचा आणि संपवायचा. साठवायचा तो उन्हाळ कांदा, एप्रिल-मे मध्ये निघणारा. मान बारीक आणि पूर्ण वाळलेली, वरची सालं कोरडी, हातात दाबला तर टणक. जाड मानेचा, डेंगळा (फुलाचा दांडा) आलेला बाजूला काढा. आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, जाळीच्या गोणीत किंवा बाजेखाली पसरून, खालून वारा लागेल असा, आणि बटाट्यापासून लांब. पाऊस सुरू झाला की दर आठवड्याला एकदा हात फिरवा, मऊ लागलेला कांदा लगेच काढून वापरून टाका, कोंब आलेला असेल तर तो गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत खोचा, पंधरा दिवसांत पोह्यांवर घालण्याइतकी पात निघते.